काटेबाईंचा प्रमाणित हात

रक्तदाब मोजायचं नवं मशीन घरात आलं त्या सकाळी मास्तर हात पुढे करून खुर्चीत बसले होते, आणि काटेबाई हातातल्या मशीनकडे संशयानं बघत होत्या.

"अगं, लाव ना. हाताला मुंग्या आल्या."

"थांबा हो. पडताळणी केल्याशिवाय लावायचं म्हणजे काय?"

मास्तरांनी निमूटपणे हात खाली घेतला. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी त्यांना बीपीची गोळी सुरू केली आणि रोज मोजायला सांगितलं, म्हणून हे मशीन. काटेबाई त्यांच्या पत्नी आणि वजनमापे खात्यातल्या निरीक्षक. खरं नाव खात्याच्या दप्तरात असेल, पण बाजारपेठेत त्यांना सगळे काटेबाईच म्हणत. त्या पेठेत शिरल्या की दुकानदार आधी तराजू पुसत आणि मग कपाळ. कुणाच्या मापात गुंजभर खोट निघाली तरी बाई त्याला चारचौघांत अशा काही सोलून काढत, की दंड भरण्यापेक्षा ते ऐकून घेणं महाग पडे.

माप खरं की खोटं हे ठरवायचं तर ते प्रमाणित मापाशी ताडून बघायचं, हा त्यांच्या कामाचा पहिला धडा. किलो तपासायला खात्याचं पितळी किलो, मीटर तपासायला खात्याचा मीटर. आता रक्तदाब तपासायला घरात प्रमाणित असं काय होतं? काटेबाईंनी फार विचार केला नाही. त्यांनी स्वतःची बाही वर सारली.

"माझं बीपी कायम एकशेदहा. ऑफिसच्या शिबिरात डॉक्टर म्हणाले होते, पुस्तकात छापावं असं आहे."

"ते शिबिर कधीचं गं?"

"बीपी काय भाजीचा भाव आहे, रोज बदलायला?"

मशीन गुरगुरलं, पट्टा फुगला, आकडा आला : एकशे अठ्ठावन्न. बाईंनी दुसऱ्या हाताला लावलं. एकशे साठ. पाणी पिऊन लावलं, पंख्याखाली बसून लावलं. मशीन आपलं म्हणणं सोडेना.

"तरी मला वाटलंच," काटेबाई विजयी मुद्रेनं म्हणाल्या. "पन्नासनं जास्त दाखवतंय. मेल्यांनी बीपीतसुद्धा काटा मारायचा सोडला नाही. आणा तुमचा हात."

मास्तरांचं आलं एकशे सव्वीस. काटेबाईंनी मनात वजाबाकी केली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, आडवे व्हा! आत्ताच्या आत्ता आडवे व्हा! तुमचं शहात्तर आहे!"

मास्तर तोवर ठणठणीत होते. पण संसारात बायकोनं सांगितल्यावर आडवं व्हायचं असतं, हे ते कधीच शिकले होते. आडवे झाल्यावर त्यांना खरोखरच गरगरल्यासारखं वाटू लागलं. बाईंनी त्यांचे पाय उशीवर ठेवले, मीठ घातलेलं पाणी पाजलं आणि गोळ्यांची पट्टी उचलून कपाटात टाकली. "गोळीनंच उतरवलंय इतकं. आता काही दिवस गोळी बंद, मीठ सुरू." गेले कित्येक दिवस अळणी जेवणारे मास्तर डोळे मिटूनच म्हणाले, "खारे शेंगदाणे चालतील का गं?" त्यांना वाटीभर शेंगदाणे मिळाले. आजारपण इतकं सुखाचं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

बाई तडक पेठेतल्या औषधवाल्यांकडे गेल्या. हे औषधवाले म्हणजे चष्मा कायम कपाळावर ठेवून शोधत बसणारे, शांत गृहस्थ. त्यांनी ब्रही न काढता मशीन बदलून दिलं. दुसऱ्या मशीननं तोच आकडा दाखवला. तेही त्यांनी बदललं. तिसऱ्यानंही तेच दाखवल्यावर मात्र काटेबाई खात्याची बॅग खांद्याला लावून, ओळखपत्र गळ्यात अडकवून दुकानात शिरल्या.

"बाई, तिन्ही मशीनं कशी बिघडतील?"

"चोर तीन असले म्हणून त्यांतला एक साव होतो का?"

औषधवाल्यांनी चष्मा खाली ओढला, तिसरं मशीन स्वतःच्या हाताला लावलं आणि आकडा बाईंसमोर धरला. "बघा. एकशे चोवीस. माझ्या हातावर तर बरोबर दाखवतंय."

"तुमचा हात प्रमाणित आहे का?"

"मग तुमचा आहे?"

दुकानाबाहेर एव्हाना माणसं जमली होती. त्यात शेजारचा गिरणीवाला होता, फुकटची करमणूक तो कधी चुकवत नसे. तो खो खो हसला, आणि ते हसू औषधवाल्यांना भोवलं. काटेबाई स्टुलावर बसल्या, बाही वर केली आणि म्हणाल्या, "काढा. दुकानातली सगळी मशीनं काढा."

एकामागून एक खोकी उघडली गेली. पहिलं एकशे बासष्ट. पुढचं एकशे अडुसष्ट. बाईंचा पारा चढत होता, अंगाला दरदरून घाम सुटला होता आणि त्या घामाबद्दलही त्यांनी दुकानाच्या पंख्याला जबाबदार धरलं. आतल्या फळीवरच्या शेवटच्या मशीननं एकशे अठ्ठ्याहत्तर दाखवलं.

"बघा लोकहो!" त्या उठून उभ्या राहिल्या. "पन्नासनं तर सगळीच खोटी, आणि जसजसं आत जावं तसतसा माल आणखी खोटा! हे औषधाचं दुकान नाही, चोरबाजार आहे!"

त्यांनी सगळी मशीनं फडताळात ठेवून त्याला सुतळी बांधली, लाखेचं सील ठोकलं. औषधवाले सीलकडे बघत राहिले. या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाला एक गोळी कमी दिली नव्हती. त्यांचे कान लाल झाले होते. बाईंनी ते पाहिलं आणि पकडलेल्या चोराचे होतातच, असा अर्थ काढला.

पेठेत बातमीला पाय नसतात, चाकं असतात. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं, की काटेबाईंनी सांगितलंय, मशीन जे दाखवेल त्यातून पन्नास वजा करायचे. लोकांना हा नियम फारच आवडला. आजवर कुठल्याही सरकारी नियमानं त्यांचं इतकं भलं केलं नव्हतं. गिरणीवाल्याचं बीपी एकशे सत्तरच्या घरात असायचं. त्यानं वजाबाकी केली आणि गोळ्या गल्ल्यात टाकून दिल्या. "एकशे वीस! मी तर पैलवान आहे, उगाच इतके दिवस औषध खाल्लं," असं तो पीठ न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला. काटेबाईंना बाजारात कधी नव्हे ते लोक हसून नमस्कार करू लागले. त्याही मान हलवून ते स्वीकारत राहिल्या.

घरी मास्तर मिठावर होते. काही दिवसांनी त्यांचं डोकं ठणकू लागलं. बाईंनी पुरावा म्हणून घरी परत आणलेलं तिसरं मशीन लावलं, एकशे सत्तर आलं. पन्नास वजा केल्यावर एकशे वीस. "झालात बाई एकदाचे बरे!" त्या हरखून म्हणाल्या.

"अगं, पण डोकं फुटायची वेळ आलीय."

"बरं व्हायची सवय नाही तुमच्या डोक्याला."

पण दुसऱ्या दिवशी मास्तरांना भिंत धरून चालावं लागलं, तेव्हा बाई घाबरल्या आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. दवाखाना वरच्या मजल्यावर होता. मास्तर हळूहळू चढले. काटेबाई मध्येच थांबल्या, कठडा धरला, दम घेतला आणि म्हणाल्या, "या पायऱ्या मापात नाहीत. उंच बांधल्यात. बघते एकदा."

डॉक्टर होत्या चाळिशीच्या, बोलायला सडेतोड. त्यांनी मास्तरांच्या दंडाला पट्टा बांधला. काटेबाईंनी सवयीनं त्या उपकरणाच्या पाठीवर नजर टाकली. तिथे पडताळणीचा शिक्का होता, ताजा, ठसठशीत. शिक्का त्यांचाच होता. दोनच महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतः खात्यात ते तपासून त्यावर मारला होता.

"एकशे बहात्तर," डॉक्टर म्हणाल्या. "काका, गोळी घेता ना?"

मास्तर छताकडे बघू लागले.

"कुणी बंद केली?"

मास्तरांनी छतावरची नजर हलवली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोची चुगली कधी केली नव्हती, पण त्यांचा अंगठा मात्र आपोआप डावीकडे वळला. डावीकडे काटेबाई बसल्या होत्या. त्यांनी एका दमात सगळं सांगितलं : मशीन, पन्नास, मीठ. डॉक्टरांनी ऐकताना हळूहळू पेन खाली ठेवलं.

"आणि मशीन पन्नासनं चुकतंय हे ठरवलं कशावरून?"

"माझ्या हातावरून. माझं एकशेदहा असतं. लावा, लावा तुम्हीच. हे उपकरण खरं आहे, मी स्वतः पास केलंय."

डॉक्टरांनी लावलं. आकडा सांगायच्या आधी त्यांनी पुन्हा एकदा मोजलं.

"एकशे चौसष्ट."

काटेबाईंनी तोंड उघडलं. उपकरण खोटं आहे म्हणावं, तर त्यावर आपलाच शिक्का. शिक्का खरा आहे म्हणावं, तर... त्यांनी तोंड मिटलं.

"पाळी कधी थांबली?" डॉक्टरांनी विचारलं.

बाईंचा चेहरा कानापर्यंत तापला. हा शब्द त्यांनी मास्तरांसमोर बहुधा लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात उच्चारला असेल, तोही दुसरीकडे बघत. मास्तर घाईघाईनं उठू लागले.

"बसा काका. तुम्हालाही ऐकायचंय."

"झाली असतील तीन वर्षं," काटेबाई टेबलाला म्हणाल्या. "पण त्याचा बीपीशी काय संबंध? ती बायकांची गोष्ट. बीपी, हार्ट ही पुरुषांची दुखणी."

"असं सगळेच म्हणतात. पाळी चालू असते तोवर शरीरातली संप्रेरकं रक्तवाहिन्यांची थोडीफार राखण करतात. राखणदार गेला की बीपी वाढतं, रक्तातली चरबी वाढते, पोट सुटतं, आणि हृदयविकाराच्या बाबतीत बायका पुरुषांना गाठतात. कपडे घट्ट होतात हल्ली?"

मग मास्तरच हळूच म्हणाले, "शिंप्याची टेप आखूड आहे म्हणून हिनं जप्त केली."

डॉक्टरांनी खोकल्यासारखं केलं. "जिना चढताना दम?"

"पायऱ्या..." बाई बोलू लागल्या आणि थांबल्या.

"गरोदरपणात कधी बीपी वाढलं होतं?"

"छे! मी सांगितलं ना, माझं कायम..."

"धाकटीच्या वेळी," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला. "पाय सुजले होते. चार दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं हिला. मी बाहेर बाकावर बसलो होतो. ती विसरली असेल. मी नाही विसरलो."

"अशा बायकांना पुढे धोका जास्त असतो," डॉक्टर म्हणाल्या. "तेव्हापासून दरवर्षी मोजायला हवं होतं. तुमची आई आहे?"

"नाही. साठीतच गेली."

"कशानं?"

"पित्तानं. रात्रभर जबडा आणि पाठ दुखतेय म्हणत होती. घाम येत होता. मी आलं-लिंबू दिलं. पहाटे..."

हे सांगता सांगता काटेबाईंना ऐकू आलं आपण काय सांगतोय ते. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. "बायकांचा हार्ट अटॅक कित्येकदा असाच येतो," डॉक्टर हळूच म्हणाल्या. बाईंना धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पेठेतल्या प्रत्येक तराजूतली रतीभर खोट त्यांना दिसायची, आणि आई डोळ्यांदेखत गेली तिला त्यांनी आलं-लिंबू दिलं होतं. त्या रडल्या नाहीत. फक्त वर केलेली बाही खाली ओढायची राहून गेली होती, ती मास्तरांनी ओढली.

डॉक्टरांनी तिथेच काटेबाईंचा ईसीजी काढला, तो ठीक निघाला. रक्त तपासायला सांगितलं, गोळी सुरू केली. मास्तरांची गोळी पुन्हा सुरू झाली, शेंगदाणे बंद झाले. जिना उतरताना मास्तर म्हणाले, "जाऊ दे गं, चूक माणसाकडूनच होते."

"माणसाकडून झाली असती तर काही नव्हतं हो. निरीक्षकाकडून झालीय," काटेबाई म्हणाल्या. "मी पेठेत जाते. तुम्ही घरी जाऊन पडा. पाय उशीवर ठेवू नका."

जाताना त्यांनी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. दुकानात कुणी नसेल, हळूच सील काढू, तांत्रिक कारण म्हणू, निघून येऊ. सरकारी कामात तांत्रिक कारण या दोन शब्दांत काय काय झाकता येतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

औषधवाले गल्ल्यावर एकटेच बसले होते. सील लागल्यापासून गिऱ्हाइकं खोकल्याचं औषधसुद्धा दुसरीकडून नेत होती.

"सील काढायला आलेय," काटेबाई पुटपुटल्या. "काही तांत्रिक कारणामुळे..."

"कसलं तांत्रिक? मशीनमध्ये?"

"मशीनमध्ये नाही. प्रमाणात."

"म्हणजे?"

"म्हणजे शारीरिक. म्हणजे..." बाईंनी पदार्थविज्ञानाच्या तासाला उत्तर न येणाऱ्या मुलीसारखं जमिनीकडे पाहिलं. औषधवाल्यांना काही कळेना. तेवढ्यात दारातून पिठानं पांढरा झालेला गिरणीवाला डोकं दाबत आत आला.

"बरं झालं बाई भेटलात! एक विचारायचं होतं. मशीन आता एकशे नव्वद दाखवतंय आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. तर पन्नासच वजा करायचे की साठ?"

त्याच्या मागून दोघं-तिघं आणखी आले, कारण काटेबाई औषधवाल्याकडे आहेत म्हणजे काहीतरी बघायला मिळणार. बाईंनी गिरणीवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते पिठाखालीही लालबुंद दिसत होतं. हळू आवाजात सांगण्याची वेळ निघून गेली होती. ज्या आवाजात औषधवाल्यांना चोर म्हटलं, त्याच आवाजात हे सांगावं लागणार होतं.

"काहीही वजा करायचं नाही!" त्या ओरडल्या. "एक आकडासुद्धा नाही! मशीनं सगळी खरी आहेत. खोटी मी आहे. माझी पाळी थांबून तीन वर्षं झाली, तेव्हापासून माझं बीपी वाढलंय आणि मला पत्ता नव्हता. मी स्वतःलाच माप समजत होते. हे औषधवाले सज्जन आहेत, मी त्यांना चोर म्हटलं, माझं चुकलं!"

पेठेत असं काही कुणी कधी ऐकलं नव्हतं. मागे उभा असलेला एकजण आपल्या चपला न्याहाळू लागला. दुसऱ्याला अचानक काम आठवलं. गिरणीवाल्याला मात्र लाजायला उसंत नव्हती.

"म्हणजे माझं एकशे नव्वद ते..."

"एकशे नव्वदच! उभे काय राहिलात? रिक्षा करा आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा!"

मघाशी काम आठवलेल्या माणसानंच त्याला धरून बाहेर नेलं. दुकान रिकामं झालं. काटेबाई फडताळाची सुतळी सोडू लागल्या. लाख निघता निघत नव्हती. आता औषधवाले काय बोलतील ते निमूट ऐकून घ्यायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं. पण औषधवाल्यांनी नुसता चष्मा काढून हातात घेतला.

"बाई, ते तुम्ही म्हणालात तसं... सगळ्यांनाच होतं का?"

"सगळ्यांना नाही. पण मोजल्याशिवाय कळत नाही. का हो?"

"घरी बायकोचं दीडशेच्या वर दाखवतं. वर्ष झालं. मी म्हटलं मशीन जुनं झालं. दुकानातून नवं नेलं, तेही तेच दाखवतं. मग म्हटलं कंपनीच बरी नाही. म्हणून तर तुमची दोन मशीनं मी मुकाट बदलून दिली." त्यांनी फळीवरच्या गोळ्यांकडे पाहिलं. "मी दिवसभर बीपीच्या गोळ्या विकतो, बाई."

"जिना चढतात का त्या?"

"हल्ली नाही चढत. मी म्हणतो, आळशी झालीस."

दोघंही एकमेकांकडे बघेनात. मग औषधवाले उठले, फडताळातलं हाताला लागलं ते मशीन काखेत मारलं आणि "जरा दुकान बघाल?" एवढं म्हणून चप्पल न घालताच पळत सुटले.

काटेबाई गल्ल्यावर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या काउंटरच्या या बाजूला आल्या होत्या. इथून समोरचा माणूस किती भीतिदायक दिसतो हे त्यांना कळायला लागलं, तोच एक गिऱ्हाईक आलं. पोट पुढे, हातात डॉक्टरांची चिठ्ठी.

"बीपीचं मशीन द्या. चांगलं द्या, माझ्या तब्येतीचा प्रश्न आहे."

"घरी कोण असतं?"

"बायको."

"वय?"

"माझं?"

"त्यांचं."

"असेल पन्नाशीच्या पुढे. तिला काय होतंय? घोड्यासारखी पळते दिवसभर."

काटेबाईंनी पुढे केलेलं मशीन मागे घेतलं. "त्यांना घेऊन या. दोघांचं मोजल्याशिवाय मशीन विकता येत नाही."

"असा नियम आहे?"

"आहे."

"मी कधी ऐकला नाही."

"आजपासून लागू झालाय," काटेबाई म्हणाल्या आणि गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. सकाळपासून त्या शरमेनं अर्ध्या झाल्या होत्या, पण हे धडधडीत खोटं बोलताना त्यांना कणभरही लाज वाटली नाही.

माणूस कुरकुरत गेला. घर जवळच असावं, कारण थोड्याच वेळात तो परत येताना दिसला. तो पुढे तरातरा चालत होता. मागून एक बाई येत होती, आणि दिव्याच्या प्रत्येक खांबाला हात टेकून थांबत होती.

"हिला काही झालेलं नाही हो!" नवरा लांबूनच ओरडला. "चालायचा कंटाळा, दुसरं काय!"

काटेबाईंनी स्टूल उचललं आणि ते दुकानाची पायरी उतरून रस्त्यावर, त्या बाईपर्यंत घेऊन गेल्या.